साठावा दिवस

बुधवारी सकाळी राविया तलाकचा दाखला आणायला निघाली, तेव्हा तिची धाकटी बहीण सनिया स्वयंपाकघराच्या जमिनीवर फतकल मारून मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली होती.

"येताना लिंबं आण," सनिया म्हणाली. "आणि दाखला हातात पडला की तिथंच वाचून घे. मौलानांचं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी पळाल्यासारखं असतं."

"मला वाचता येतं."

"येतं ना. म्हणून तर नवरा टिकला नाही तुझा."

दोघी हसल्या. साठ दिवसांत राविया पहिल्यांदाच अशी मोकळी हसली होती.

तिचा नवरा शहात एज्बत-अल-बुर्ज या बंदरगावचा मच्छीमार. समुद्रावर जाताना तो घराला बाहेरून कुलूप लावून किल्ली खिशात टाकायचा. मग चार दिवस लागोत की आठ, राविया आत. सासू वरच्या मजल्यावर राहायची. ती दोरीला टोपली बांधून खिडकीपाशी भाकरी आणि चीज सोडायची आणि वरून विचारायची, "आहेस ना गं?" जाणार होती कुठे? शेवटी एका गुरुवारी संध्याकाळी सनियाचा नवरा तिथं जाऊन भांडला, शब्दाला शब्द वाढला आणि शहात सगळ्यांसमोर ओरडला, "घेऊन जा हिला! तलाक दिला!" राविया चप्पल घालत होती तेव्हा तो तिच्याकडे बघून हसला आणि हळूच म्हणाला, "इद्दत संपायच्या आत कधीही परत आणीन. तुला विचारावंसुद्धा लागत नाही मला." हे मात्र खरं होतं. पहिल्या तलाकनंतर इद्दतीच्या, म्हणजे साठ दिवसांच्या मुदतीत नवऱ्याने नुसतं म्हटलं की बायको पुन्हा त्याची होते.

पुढच्याच आठवड्यात शहातची बोट तेरा माणसांसकट बुडाली. नऊ प्रेतं मिळाली, चार मिळाली नाहीत. शहात त्या चारांतला. राविया रडली नाही, आणि आपण रडलो नाही याचं तिला वाईटही वाटलं नाही. पण प्रेत नाही म्हणजे माणूस मेला नाही, बेपत्ता. असा बेपत्ता माणूस कागदावर वर्षानुवर्षं जिवंत राहतो. सासूने निरोप धाडला होता, "माझ्या पोराची बायको माझ्याच घरात बसून त्याची वाट बघेल." दीर सनियाच्या घरी येऊन दोनदा दार वाजवून गेले होते. त्या घरातून कायमचं सुटायला एकच वाट उरली होती. मुदत संपून तलाक पक्का झाला, असा मौलानांच्या शिक्क्याचा दाखला. रावियाने त्या गुरुवारपासून एकेक दिवस मोजला होता. साठ भरले सोमवारी. तिने वर आणखी दोन दिवस जाऊ दिले, उगाच घोळ नको म्हणून.

राविया एज्बत-अल-बुर्जला मायक्रोबसमधून उतरली तेव्हा आभाळ पिवळं पडायला लागलं होतं. खमसीनचा वाळवंटी वारा सुटला होता आणि दातांखाली रेती करकरत होती. माज़ून शेख अब्दुलबारी, म्हणजे गावातले निकाह आणि तलाक लिहिणारे मौलाना, मासळीबाजारामागच्या गल्लीत दोन खोल्यांत बसायचे. त्यांच्या दाराबाहेर तीन खुर्च्या भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या होत्या. खुर्च्यांच्या बैठकीवर मिठासारखे पांढरे डाग पडले होते. कुणी तरी शरबत सांडलं असेल, असं रावियाला वाटलं.

आत एका निकाहाची मंडळी उठण्याच्या बेतात होती. एका जाड्या बाईने रावियाच्या ओंजळीत साखरबदाम कोंबले.

"तू मुलीकडची की मुलाकडची गं?"

"कुणाकडचीच नाही. मी तलाकच्या कागदासाठी आले."

"अगं बाई!" जाडी बाई क्षणभर थांबली आणि मग खो खो हसली. "बरं झालं भेटलीस. आमच्या नवरीला रस्ता दाखवून ठेव, मागाहून शोधायला नको!" नवरीच्या आईने तिला कोपराने ढोसलं. टाळ्या वाजवत आणि तोंडाने लांब हुलहुल्या काढत सगळे बाहेर पडले आणि वाऱ्याने त्यांच्यामागे दार आपटलं.

खोली एकदम शांत झाली. मौलानांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, रावियाकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"तू आज का आलीस, पोरी?"

"दाखला घ्यायला, मौलाना. साठ दिवस भरले."

"कुणी सांगितलं तुला भरले म्हणून?"

"मी मोजलेत. गुरुवारी संध्याकाळी तो बोलला..."

"बोलला असेल गुरुवारी." मौलानांचा आवाज खाली आला. "माझ्याकडे नोंदवायला आला शनिवारी. शुक्रवारी मी वही उघडतो का? कायदा वहीतल्या तारखेपासून मोजतो, तुझ्या मनातल्या नाही. आज साठावा आहे. दिवस मावळेपर्यंत."

रावियाला हायसंच वाटलं. एवढंच ना! "मग उद्या येते. त्यात काय घाबरण्यासारखं? तो काय आता येणार आहे मला परत न्यायला?"

मौलाना उठले. त्यांनी दाराला आतून कडी घातली. मग कपाटातून एक वही काढली आणि मेजावर ठेवली. निकाहाची वही हिरवी, तलाकची काळी. ही तिसरीच होती, बायको माघारी घेतल्याच्या नोंदींची. वहीची पानं पाण्यात भिजून सुकल्यासारखी फुगली होती. खोलीत आतापर्यंत अत्तराचा आणि साखरेचा वास होता. वही उघडली तसा त्यात दुसरा वास मिसळला. डिझेलचा, खाऱ्या पाण्याचा, आणि बोटीच्या तळाशी कुजत पडलेल्या मासळीचा. हा वास राविया आठ वर्षं अंथरुणात घेऊन झोपली होती.

"काल दुपारी आला," मौलाना म्हणाले. "जुहरची नमाज उरकून मी नुकताच बसलो होतो. दारात उभा राहिला. म्हणाला, राविया माझी बायको, मी तिला माघारी घेतो. लिहा."

"कोण...?"

"तुझा नवरा, पोरी. दुसरं कोण येणार तुझ्यासाठी?"

रावियाने मेजाची कड धरली. म्हणजे वाचला होता तो. कुठल्या तरी परक्या बोटीने उचलला असेल, कुठल्या तरी बंदरात पडून असेल. अशा गोष्टी घडतात. ती हे मोठ्याने म्हणाली.

"मीही तेच म्हटलं स्वतःला," मौलाना म्हणाले. "म्हटलं, अल्लाची कृपा, एक तरी परतला. ओळखपत्र दे म्हटलं, तर त्याने ओलं ओळखपत्र मेजावर ठेवलं. साक्षीदार दोन हवेत म्हटलं. तर म्हणाला, आणलेत. आणि ते दोघं आत येऊन बसले." त्यांनी वही तिच्याकडे फिरवली. "साक्षीदारांची नावं वाच."

तिने वाचली. रिझ्क अल-बदरी. अब्दुलगनी नस्सार. नावांपुढे दोन अंगठे उमटले होते. शाईचे कडेकडेने ओघळ गेले होते, कारण अंगठे ओले होते.

रिझ्क शहातच्याच बोटीवरचा. अब्दुलगनीही. दोघांची प्रेतं पहिल्याच दिवशी किनाऱ्याला लागली होती. रिझ्कच्या घरी राविया स्वतः समाचाराला गेली होती, त्याच्या बायकोला तिने धरून ठेवलं होतं. आणि त्याच्या जनाज्याची नमाज याच शेख अब्दुलबारींनी पढवली होती.

"तुम्ही लिहिलंत?" रावियाने वहीतून मान वर केली. "ओळखलंत त्यांना... आणि लिहिलंत?"

"मी चाळीस वर्षं लिहितो आहे, पोरी. माणूस समोर बसतो, शब्द बोलतो, मी लिहितो. त्या वेळी माझा हात माझा नव्हता." त्यांचे डोळे भरून आले. "ते बसले होते तोवर खुर्च्यांखाली पाणी ठिबकत होतं. टप... टप... तेवढाच आवाज. श्वासाचा आवाज नव्हता गं त्यांच्या."

"मग कोर्टात जाऊ आपण. मेलेल्यांची साक्ष चालते का?"

"आणि काय सांगू? माझ्या वहीत मेलेल्यांचे अंगठे आहेत? ते म्हणतील, मौलानांनीच खोटं केलं. माझी वही काढून घेतील आणि तुझा निकाल लागायला चार वर्षं जातील. तोवर तू कुठे असशील? त्याच घरात." मौलाना पुढे झुकले. "ऐक. एक फट आहे. नुसतं वहीत लिहून भागत नाही. माघारी घेतल्याची शिक्क्याची नोटीस साठ दिवसांच्या आत बायकोच्या हाती पडावी लागते. नाही पडली, तर तू 'मला ठाऊक नाही' म्हणायचं, आणि त्याची सगळी लिखापढी फुकट."

"मग? नोटीस कुठे आहे?"

"तो घेऊन गेला. मी पाठवतो म्हटलं, तर म्हणाला, नको, मीच देईन. तुझा पत्ता त्याला सापडत नव्हता."

सनियाने दीड महिन्यापूर्वी, बोट बुडाल्यानंतर, घर बदललं होतं. दमिएत्ता शहरातल्या नव्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सासरी फक्त दिरांना ठाऊक होतं. आणि राविया साठाव्या दिवशी, आपल्या पायांनी, त्याच्या गावात येऊन उभी होती.

"घरी जा," मौलाना म्हणाले. "दार लावून बस. मावळतीची अजान होईपर्यंत कुणाच्या हातून कसलाही कागद घेऊ नकोस. कागदाचा कपटासुद्धा नाही. उद्या सकाळी ये, मी स्वतः तुझा दाखला लिहून देतो."

ती निघाली तेव्हा गल्ली धुळीने भरली होती. सूर्य कुठे आहे ते कळत नव्हतं, सगळीकडून सारखाच मातकट उजेड येत होता. राविया हात काखांत दाबून चालत होती. आणि तिच्या ध्यानात आलं, माणसाच्या हातात दिवसभर कागदच कागद येतात. फलाफलवाल्याने कागदी पुडी पुढे केली, "घे ताई, गरम आहे!" औषधाच्या दुकानापाशी एक बाई चिठ्ठी दाखवून पत्ता विचारायला आली. राविया दोघांकडे पाठ करून पळाली. लिंबांपाशी तर थांबलीच नाही.

मायक्रोबस भरलेली होती. तिला मधल्या रांगेत खिडकीपाशी जागा मिळाली. गाडी सुटली तसा वाऱ्याने एक कागद खिडकीतून आत आणला आणि तिच्या छातीवर चिकटवला. राविया किंचाळली.

"कागद आहे बाई, साप नाही!" शेजारच्या म्हातारीने तो चिमटीत धरून बाहेर फेकला. मिठाईच्या दुकानाची जाहिरात होती. सगळी गाडी हसली. रावियाही हसली, पण हात तिने काखांतून काढले नाहीत.

अशा गाड्यांत भाडं मागच्यांकडून पुढे हातोहात जातं. मागचा पुढच्याच्या खांद्यावर टकटक करतो, पुढचा नोट घेतो आणि आपल्या पुढच्याला देतो. इतकी रोजची गोष्ट की माणूस न बघताच हात मागे करतो. गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली आणि रावियाच्या खांद्यावर कुणी तरी टकटक केलं.

"पुढे द्या."

तिचा हात उठलासुद्धा. मग खांद्यापाशी कपड्यातून ओल झिरपली, थंडगार, आणि मागून तो वास आला. तिने हात मांड्यांखाली घातला आणि त्यावर सगळा भार देऊन बसली.

"तिघांचे आहेत," मागचा आवाज म्हणाला. आवाज घोगरा होता. ओळखीचा आहे की नाही, ते तिला सांगता येईना. "पुढे द्या ना."

"अगं घे की!" म्हातारी वैतागली. "हात मोडलेत का?"

"मी नाही घेणार."

"काय पोरी आहेत हल्लीच्या!" म्हातारीने हात मागे करून ते घेतलं आणि पुढे दिलं. "ई... भिजलेली नोट आहे. कुठून आणतात!" नोटच होती. रावियाने डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, घड्या घातलेली हिरवी नोट. पण घडीच्या आत आणखी काही असलं तर? मागे वळून बघायचं धाडस तिला झालं नाही. चौकात गाडी नीट थांबायच्या आत ती म्हातारीच्या पायांवरून उडी टाकून उतरली आणि घरापर्यंत पळत सुटली.

सनियाने दार उघडलं. रावियाने आत शिरून कडी, साखळी, दोन्ही अडकवलं आणि दाराखालच्या फटीत ओली चादर ठासून भरली. मग तिने सगळं सांगितलं. सनियाने थट्टा केली नाही, यावरूनच ती किती घाबरली ते कळत होतं. तिने उठून एकेक खिडकी लावून घेतली.

"आता किती वाजले?" रावियाने विचारलं.

सनियाने टीव्हीकडे पाहिलं. वीज गेली होती. त्या काळी मोबाइल नवऱ्यांच्याच खिशात असायचे आणि सनियाचा नवरा कामावर होता. घरात वेळ सांगणारी वस्तू म्हणजे तो टीव्ही, तोही काळाठिक्कर. खिडक्यांच्या फटींतून पिवळा उजेड येत होता. तो हळूहळू तपकिरी झाला, पण धुळीमुळे की संध्याकाळमुळे, कोण सांगणार?

दोघी बहिणी पलंगावर पाय वर घेऊन बसल्या. बाहेर वारा खिडक्यांना धक्के देत होता. मध्येच वारा थांबला की जिन्यातून आवाज यायचा. टप... मग बऱ्याच वेळाने पुन्हा, एक पायरी वर. टप...

"टाकी गळत असेल," सनिया कुजबुजली.

"हो. टाकीच असेल."

उजेड करडा झाला. एकमेकींचे चेहरे दिसेनासे झाले. रावियाला वाटलं, आपण पुन्हा त्या कुलूपबंद घरातच आहोत, फक्त या वेळी कडी आपण आतून घातली आहे. ती मनातल्या मनात एकच विनवणी करत होती, मावळ, बाबा, मावळ लवकर.

आणि अजान सुरू झाली.

एकच आवाज होता, संथ, लांबवर ताणलेला. भोंगा नव्हता. "वीज नाही ना," सनिया म्हणाली. "मुअज्जिन बिचारा गच्चीवर चढून ओरडतोय." अजान संपेपर्यंत दोघी हलल्या नाहीत. संपली तशी सनियाने टाळी वाजवली आणि लग्नात करतात तशी लांबलचक हुलहुली केली. रावियाचा जीव भांड्यात पडला. ती रडायला लागली. बोट बुडाली तेव्हा आलं नव्हतं ते रडू आता आलं. सुटले. ती पुन्हा पुन्हा तेच म्हणत होती. सुटले गं, सुटले.

दारावर थाप पडली.

"सनिया! लग्न निघालं की काय घरात?" शेजारच्या उम्म हाशिमचा आवाज. "उघड गं, हात भरलेत माझे!"

रावियानेच साखळी काढली. उम्म हाशिमच्या एका हातात मेणबत्ती होती, दुसऱ्या हातात तांदळाच्या खिरीची वाटी आणि वाटीखाली धरलेला एक घडी केलेला कागद.

"खीर तुम्हा दोघींना. आणि हे रावियासाठी. जिन्यात एकाने दिलं. म्हणाला, तिच्याच हातात द्या."

रावियाचा हात थबकला. मागून सनिया ओरडली, "नको घेऊ!" पण रावियाला आता भीती वाटली नाही. उलट आठ वर्षांचा संताप तिच्या छातीत उसळून आला. त्या कुलपाचा, त्या टोपलीचा, वरून विचारलेल्या 'आहेस ना गं'चा. दिवस मावळला होता. तो हरला होता. हा कागद त्याच्याच दारात नेऊन टरकावायचा, असं तिच्या मनात आलं.

"द्या," ती म्हणाली. "उशीर झाला म्हणावं त्याला." आणि तिने कागद हातात घेतला. तो थंड होता, ओला होता, आणि त्यावर मौलानांचा शिक्का होता.

त्याच क्षणी वीज आली. छताची ट्यूबलाइट फडफडून पेटली, पंखा गरगरला, टीव्ही बोलू लागला. खिडकीबाहेर एक भोंगा खरखरला, मग दुसरा, मग सगळ्या शहरातले भोंगे एकापाठोपाठ एक जागे झाले आणि सगळीकडून मावळतीची अजान सुरू झाली.

सनियाने दोन्ही हात तोंडावर दाबले. राविया कागद हातात धरून तशीच उभी होती.

"आता ही कसली दुसरी अजान?" उम्म हाशिमने मेणबत्ती फुंकून विझवली. "मघाशी त्या कागदवाल्यांतल्याच एकाने दिली की, आपल्या जिन्यात उभं राहून. आवाज छान होता हो. मी विचारलं, बाबा, वेळ झाली का? तर नुसता हसला." तिने वाटी रावियाच्या मोकळ्या हातात दिली. "खाली थांबलेत तिघं. तुझा नवरा म्हणाला, सावकाश आवरू दे तिला, आता काही घाई नाही."